चूक पकडणारी आठवण

'ननमयय गणांनी मालिनी वृत्त होते.' शाळेत मराठी वृत्तं शिकलेल्या अनेकांना ही ओळ अजून तोंडपाठ असते. न, म, य ही लघू-गुरू अक्षरांच्या तीन-तीनच्या गटांची, म्हणजे गणांची, नावं. पहिली सहा अक्षरं लघू, मग तीन गुरू, मग दोन वेळा लघू-गुरू-गुरू, अशी मालिनीची चाल. ओळ ही व्याख्या सांगते आणि स्वतःही याच चालीत चालते. त्यामुळे म्हणताना एखादं अक्षर गळलं किंवा जास्तीचं घुसलं, तर चाल तिथेच अडखळते. दुसऱ्या कुणी चूक दाखवायची गरज उरत नाही.

लक्षात ठेवण्याच्या युक्त्यांचा इतिहास साधारणपणे 'जास्तीत जास्त माहिती डोक्यात कशी भरायची' या अंगाने सांगितला जातो. मला त्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. माणूस विसरतो तेव्हा 'विसरलो' एवढं त्याला कळतं, पण चुकीचं आठवतो तेव्हा काहीच कळत नाही. शतकानुशतकं टिकलेल्या बहुतेक चांगल्या युक्त्यांनी ही दुसरी अडचण सोडवली आहे.

याचं सर्वात कडेकोट उदाहरण म्हणजे वेदपठण. संहितेतला, म्हणजे अखंड म्हणायच्या मूळ पाठातला, संधी सोडवून प्रत्येक शब्द सुटा म्हणायचा, तो पदपाठ; ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. त्यापुढे शब्दांच्या उलटसुलट गुंफणी आल्या. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा अशा जोड्या होतात. जटापाठात तीच जोडी सरळ, उलट आणि पुन्हा सरळ म्हणतात. घनपाठात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ असा क्रम असतो आणि मग एक शब्द पुढे सरकून पुन्हा तेच. हिशेब केला तर ओळीच्या मधला प्रत्येक शब्द १३ वेळा उच्चारला जातो, वेगवेगळ्या शेजाऱ्यांबरोबर. शेजारी बदलला की संधी बदलतो, कधी स्वरही, म्हणजे उच्चाराचा चढउतारही, बदलतो. म्हणजे शब्दाचं मूळ रूप पक्कं ठाऊक असल्याशिवाय उलटा क्रम जमतच नाही. सवयीने पुढे वाहत जाणारी जीभ इथे थांबते आणि चूक उघडी पडते. ही परंपरा युनेस्कोने २००३ साली मानवजातीच्या मौखिक वारशाच्या यादीत घेतली. मला मात्र ती यादीपेक्षा तपासणीची व्यवस्था म्हणून जास्त थक्क करते.

व्याकरणकारांनी दुसरी वाट धरली, आटोपशीरपणाची. पाणिनीची सुमारे ४ हजार सूत्रं तोंडपाठ करायची होती, म्हणून त्याने वर्णमालाच नव्या क्रमाने १४ सूत्रांत मांडली. एका वर्णापासून सूत्राच्या शेवटच्या खुणेपर्यंतचे सगळे वर्ण एका छोट्या नावात येतात. 'अच्' म्हटलं की सारे स्वर, 'हल्' म्हटलं की सारी व्यंजनं.

छंदःशास्त्रातली 'यमाताराजभानसलगा' ही दहा अक्षरं तर याहून देखणी आहेत. कोणतंही अक्षर घ्या आणि त्याच्या पुढची दोन त्याला जोडा. 'य'चे झाले 'यमाता': लघू, गुरू, गुरू. तोच य-गण. 'र'चे 'राजभा': गुरू, लघू, गुरू. 'न'चे 'नसल': तिन्ही लघू. लघू-गुरूंच्या तीन-तीनच्या गटांचे एकूण प्रकार आठच होतात आणि ते आठही या साखळीत एकेकदाच येतात. शेवटचे 'ल' आणि 'गा' म्हणजे लघू आणि गुरू, आणि सुरुवातीचे 'य' आणि 'मा' हेही लघू आणि गुरूच. त्यामुळे साखळीची दोन टोकं एकमेकांवर बसवली तर आठ अक्षरांचं वर्तुळ पूर्ण होतं. अशा साखळ्यांना आज गणितात डच गणिती डी ब्रॉइन यांचं नाव आहे. त्यांचा त्यावरचा प्रसिद्ध लेख १९४६ चा. एक अक्षर इकडचं तिकडे केलं की एखादा गण दोनदा येतो आणि एखादा हरवतो, म्हणून पाठ चुकला की मोजून पाहता येतं.

आकड्यांची अडचण वेगळी होती. ज्योतिषाचे ग्रंथ पद्यात लिहिले जात आणि संख्यावाचक शब्द दर वेळी वृत्तात बसत नसत. शिवाय नकलताना आकड्याचं एक वळण बिघडलं की गणित कोसळलंच. म्हणून भूतसंख्या आल्या: चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २, अग्नी ३, वेद ४, बाण ५, आकाश म्हणजे शून्य. चंद्राला इंदू म्हणा, शशी म्हणा, सोम म्हणा, आकडा तोच राहतो. कवीला जसं वृत्त तसा शब्द मिळाला आणि वृत्ताने आकड्याची राखण केली.

कटपयादी पद्धत त्याच्याही पुढे गेली. क ते झ म्हणजे १ ते ९ आणि ञ शून्य. ट ते ध पुन्हा १ ते ९ आणि न शून्य. प ते म १ ते ५. य ते ह १ ते ८. क, ट, प, य हे चारही १, म्हणून हे नाव. व्यंजनाला लागलेल्या स्वराला किंमत नाही, जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं आणि आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. 'जय' शब्दात ज म्हणजे ८ आणि य म्हणजे १. उलट वाचले की १८. महाभारताचं 'जय' हे नाव आणि त्याची १८ पर्वं यांची सांगड परंपरेने अशीच घातली आहे.

केरळच्या पुतुमन सोमयाजींच्या 'करणपद्धती' या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथात 'चण्डांशुचन्द्राधमकुम्भिपाल' असं एक लांबलचक पद येतं. अर्थ बघायला गेलं तर त्यात सूर्य, चंद्र आणि हत्ती दिसतात. आकडे मांडले तर च ६, ड ३, श ५, च ६, र २, ध ९, म ५, क १, भ ४, प १, ल ३. उलट वाचा: ३१४१५९२६५३६. पाय (π) या संख्येचे अकरा अंक, फक्त शेवटचा ५ पुढच्या ८ मुळे ६ धरलेला. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्ता, म्हणजे मूळ, रागांची नावंही याच किल्लीने उघडतात. 'शंकराभरणम्' या रागनामाला 'धीर' हा शब्द जोडला गेला तो क्रमांकासाठी: धी म्हणजे ९, र म्हणजे २, म्हणून 'धीरशंकराभरणम्' हा २९ वा मेळ. नाव आठवलं की क्रमांक मिळतो आणि क्रमांक ठाऊक असला की नावही पडताळता येतं.

युरोपातली कथा एका पडलेल्या छतापासून सुरू होते. ग्रीक कवी सिमोनिडीस एका मेजवानीतून बाहेर आला आणि मागे छत कोसळलं. मृतदेह ओळखू येत नव्हते, पण कोण कुठे बसलं होतं हे त्याला आठवत होतं आणि त्यावरून त्याने सगळ्यांची नावं सांगितली. रोमन वक्ता सिसेरोने ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. त्यातून निघालेली युक्ती अशी: ओळखीच्या वास्तूतून मनाने फिरायचं आणि प्रत्येक कोपऱ्यात लक्षात ठेवायच्या गोष्टीचं एक ठसठशीत, विचित्र चित्र ठेवायचं. वक्त्यांनी ती शतकानुशतकं वापरली. मुद्द्यांचा क्रम राखायला ती फार चांगली आहे, पण शब्दन् शब्द जपायला तितकी नाही. क्विंटिलियन या रोमन शिक्षकानेच ही शंका काढली होती आणि भाषण पाठ करायचं तर ते तुकड्यातुकड्याने पाठ करा असं सुचवलं होतं. मला त्याचं म्हणणं पटतं. वास्तूच्या कोपऱ्यातलं चित्र पुसट झालं तर तिथे काय होतं, हे सांगणारं दुसरं काही नसतं.

आकड्यांना अक्षरं देण्याचा विचार तिकडेही रुजला. फ्रेंच गणिती पिएर एरिगोन यांनी १७ व्या शतकात तशी एक पद्धत मांडली. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला ग्रेगोर फॉन फायनायग्ले यांनी तिच्यात सुधारणा करून पॅरिस आणि लंडनमध्ये व्याख्यानं दिली. आज स्मरणस्पर्धांत वापरतात ती पद्धत याच घराण्यातली. व्यंजनाला आकडा द्यायचा, स्वराला शून्यही नाही आणि हवे ते स्वर घालून अर्थपूर्ण शब्द बनवायचा. कटपयादी ठाऊक असलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही.

संगीतातही असंच झालं. ११ व्या शतकात इटलीतल्या ग्विडो या साधूने एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं घेऊन 'उत, रे, मी, फा, सोल, ला' ही स्वरनामं रूढ केली. त्या स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होत असे, म्हणून नाव आणि उंची एकत्र पाठ होत.

आद्याक्षरांच्या युक्त्या सर्वात लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वात कच्च्या. पण मराठीतली एक त्याला अपवाद आहे. 'तानापिहिनिपाजा' म्हणजे तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. न्यूटनने आधी पाचच रंग धरले होते. नारंगी आणि पारवा त्याने नंतर घातले, कारण सप्तस्वरांशी मेळ घालायचा होता. आता या शब्दाकडे नीट पाहा. निळा आणि नारंगी दोन्ही 'न'चे, पिवळा आणि पारवा दोन्ही 'प'चे. रोमन लिपीत एवढंच हाती लागलं असतं तर घोळ झाला असता. देवनागरीत अक्षर मात्रेसकट येतं, म्हणून 'ना' आणि 'नि', 'पि' आणि 'पा' वेगळे राहतात. लिपीनेच युक्तीला आधार दिला. ग्रहांच्या आद्याक्षरांची वाक्यं मात्र २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोला ग्रहांमधून वगळल्यावर जगभर नव्याने लिहावी लागली.

शुद्धलेखनाचा प्रश्न याहून ताजा आहे, कारण नियमच ताजे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यात चारांची भर पडली आणि ते १८ झाले. ते पाठ असूनही लिहिताना हात अडतो. तिथे दोन प्रकारच्या युक्त्या उपयोगी पडतात.

एक, चित्राची. सूत लांब असतं, म्हणून त्याचा ऊ दीर्घ. सुत म्हणजे मुलगा, तो लहान, म्हणून ऱ्हस्व. शीर अंगभर लांब धावते, तिची ई दीर्घ. शिर म्हणजे डोकं, ते आटोपशीर, म्हणून ऱ्हस्व. अशा जोड्यांत दोन्ही शब्द खरेच असतात आणि चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चित्र लागतंच.

दुसरी, शब्द सोडवून पाहण्याची, आणि माझा कल तिच्याकडे आहे. 'महत्त्व' म्हणजे महत् अधिक त्व, म्हणून दोन त. 'तत्त्व'ही तसंच. 'नेतृत्व' मात्र नेतृ अधिक त्व, तिथे दुसरा त येणार कुठून? 'उज्ज्वल'मध्ये उत् आणि ज्वल आहेत, त्यामुळे ज दोनदा. 'अनसूया' म्हणजे जिला असूया नाही ती. हे कळलं की 'अनुसया' लिहायला हात धजावत नाही. वेदपाठ्यांच्या पदपाठासारखीच ही रीत: जोडलेलं सोडवलं की चूक दिसते.

'कवी' आणि 'कविसंमेलन' यांतला फरक मी असा लक्षात ठेवतो: कवी एकटा बाकावर बसला की हातपाय पसरतो, शेजारी कुणी आलं की आखडून बसतो. बुद्धी आणि बुद्धिबळ, गती आणि गतिमान, शक्ती आणि शक्तिशाली यांचंही तेच. 'नदी' आणि 'लक्ष्मी' मात्र संस्कृतातूनच दीर्घ आलेल्या, म्हणून 'नदीकाठ' आणि 'लक्ष्मीपूजन' लिहिताना त्यांना आखडायला लावायचं नाही. आणि 'आणि' हे अव्यय. ते एकटं असलं तरी ऱ्हस्वच.