आमले काबर मियनं नही? हवामानाच्या पैशाची जुनी गोष्ट

आमचं शेत जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यात आणि मामाचं शिंदखेड्यात, मोटरसायकलवर अर्धा-पाऊण तास. माती तीच, कापूस तोच, पाऊस दांडी मारतो तोही दोन्हीकडे एकाच आठवड्यात. पण आमच्याकडे पोकरातून, म्हणजे बदलत्या हवामानाशी शेती जुळवून घ्यायच्या राज्याच्या योजनेतून, ठिबक आलं, शेततळं आलं, आणि मामाकडे काहीच नाही, कारण मामाचा जिल्हा धुळे आणि धुळे यादीतच नाही. मामा दरवेळी एकच विचारतो, "आमले काबर मियनं नही?", आम्हाला का मिळालं नाही? त्याला नीट उत्तर द्यावं म्हणून मी जरा मागे मागे जात राहिलो आणि थेट १९९२ मध्ये ब्राझीलच्या रिओला पोचलो.

रिओमध्ये हवामान बदलाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात श्रीमंत देशांनी लिहून दिलं की ज्या गरीब देशांना या बदलाचा जास्त फटका बसणार आहे त्यांना जुळवून घ्यायच्या खर्चात आम्ही मदत करू. जुळवून घेणं म्हणजे सरकारी भाषेत अनुकूलन, आणि आपल्या भाषेत विहीर खोल करणं, बांध घालणं, कमी पाण्याचं बियाणं शोधणं. फक्त किती मदत, कधी, कोणाला, यातलं काहीच लिहिलं नव्हतं. आपल्याकडे पाहुणे लग्नात "पोराच्या शिक्षणाचं बघू आपण" म्हणतात ना, तसंच.

पुढची दहा-पंधरा वर्षं सगळा पैसा आणि सगळी चर्चा धूर कमी करण्याकडे गेली. याला कारण आहे, नुसता कोणाचा दुष्टपणा नाही. एक टन कार्बन आमच्या धुळ्याच्या साक्रीत वाचला काय आणि जर्मनीत वाचला काय, हवेला फरक पडत नाही, म्हणून तो मोजता येतो आणि विकताही येतो. मामाच्या विहिरीला मे महिन्यात दोन परस खोल पाणी टिकलं तर त्याचा फायदा मामाला आणि फार तर शेजारच्या दोन शेतांना, ते विकत कोण घेणार? १९९७ च्या क्योटो करारात याच हिशोबावर कार्बन क्रेडिटचा, म्हणजे धूर वाचवल्याच्या विकता येणाऱ्या दाखल्यांचा, बाजार उभा राहिला, आणि गंमत बघा, त्यात धुळे जिल्हा होता! साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर ज्या पवनचक्क्या फिरतात त्यातल्या काही प्रकल्पांची नोंद याच बाजारात झाली होती. नंतर २०१३ मध्ये साक्रीतच शिवाजीनगरला राज्याच्या वीज कंपनीचा, महानिर्मितीचा, १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला, त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज. म्हणजे धुळ्याला परदेशातला हवामानाचा पैसा आलाच नाही असं म्हणता येत नाही, आमच्या उन्हासाठी आला, वाऱ्यासाठी आला, पाण्याचा नंबर मात्र लागला नाही. उन्हा-वाऱ्याची वीज होते, विजेचं बिल होतं आणि बिलातून हप्ता फिटतो, बांध घातला तर त्याचं बिल कोणाच्या नावाने फाडायचं?

तरी क्योटोमध्ये एक छोटी खिडकी ठेवली होती. त्या बाजारात जेवढी क्रेडिट निघतील त्यातला २ टक्के वाटा जुळवून घेण्याच्या कामाला, त्यातून अॅडाप्टेशन फंड निघाला. ठरलं २००१ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला, प्रत्यक्ष प्रकल्प मंजूर व्हायला २०१० उजाडलं, आणि तोवर युरोपातल्या मंदीने क्रेडिटचे भाव पडायला लागले आणि दोन-तीन वर्षांत मातीमोल झाले. आपल्याकडे कांद्याचं होतं तेच. माराकेशलाच अतिगरीब देशांसाठी वेगळा फंड काढला पण भारत त्या यादीत बसत नाही. यादीचं दुखणं असं वरपासून आहे.

मग २००९, कोपनहेगनची हवामान परिषद. तिथे आकडा पहिल्यांदा बोलला गेला, २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर. हा आकडा कुठल्या गावाचा, कुठल्या धरणाचा हिशोब करून आला नव्हता, वाटाघाटी फिसकटत होत्या तेव्हा मांडलेला राजकीय आकडा होता. पुढच्या वर्षी मेक्सिकोत कानकूनला ग्रीन क्लायमेट फंड, म्हणजे हवामानाच्या कामाचा मोठा आंतरराष्ट्रीय फंड, काढायचं ठरलं. भारतात या दोन्ही फंडांचं दार नाबार्डच्या हातात आलं, अॅडाप्टेशन फंडासाठी २०१२ मध्ये आणि ग्रीन फंडासाठी २०१५ मध्ये. ग्रीन फंडाच्या पैशातून ओडिशात भूजल पुनर्भरणाचं काम निघालं, किनारपट्टीच्या प्रकल्पात महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग गेला. खान्देशला समुद्र नाही.

२०१५ मध्येच केंद्राने स्वतःचा राष्ट्रीय अनुकूलन निधी काढला, ३५० कोटी रुपयांचा. देशाच्या मानाने चिल्लर, पण यात नंदुरबारचं नाव आलं, बुलढाण्याबरोबर मिळून ५१ गावं, पाणी आणि शेतीतंत्राचं काम. पैसा आपलाच होता, बाहेरचा नाही.

आता पोकरा. पूर्ण नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, गावात कोणी म्हणत नाही. २०१२ पासून मराठवाड्यात दुष्काळावर दुष्काळ, शेतकरी आत्महत्या, त्यामुळे सुरुवातीपासून डोळ्यापुढे मराठवाडा आणि विदर्भ होता. २०१८ मध्ये जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलर मंजूर केले, साधारण ७० टक्के बँकेचे, ३० टक्के राज्याचे, आणि पाच हजारांवर गावं घेतली. खान्देशातून फक्त जळगाव. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे खारट पाण्याच्या जमिनीचा पट्टा, तोही घेतला होता आणि तो अकोल्याकडून जळगावच्या टोकापर्यंत येतो. बघा, १९०६ मध्ये इंग्रजांनी खान्देशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे केले, तीच रेघ पुढे जळगाव आणि धुळे, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा. ढगाला या रेघा माहीत नाहीत पण फाईलला माहीत आहेत.

काम वाईट झालं असं मी म्हणणार नाही. आयआयटी मुंबईच्या मदतीने गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवली, ग्राम कृषी संजीवनी समिती केली, अर्ज ऑनलाइन, अनुदान थेट खात्यात. लहान शेतकऱ्याला ठिबकला ७५ टक्के अनुदान म्हणजे काही कमी नाही. खटका एवढाच की आधी स्वतःच्या खिशातून घ्यायचं, मग तपासणी, मग पैसे. ज्याच्याकडे पैसा अडकवायची ताकद आहे त्याचं शेततळं झालं, बाकीचे दुकानदाराची उधारी करून अनुदानाच्या मेसेजची वाट बघत बसले, आमच्या वडिलांनी बहिणीकडून घेतले होते आणि ते फेडेपर्यंत दोन दिवाळ्या गेल्या.

आणि हे सगळं कर्ज आहे, ही गोष्ट गावात कोणाला सांगितली तर दचकतात. लोकांना वाटतं जागतिक बँकेने दिलं म्हणजे फुकट दिलं. डॉलरमधलं कर्ज, आणि अशा कर्जात रुपया घसरला की बोजा राज्याच्या डोक्यावर येतो, २०१८ च्या सुरुवातीला डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, आज कुठे आहे ते बघा. वर यातला श्रीमंत देशांचा वाटा त्या १०० अब्जांच्या हिशोबात धरला जातो. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे १०० अब्ज पहिल्यांदा पार झाले २०२२ मध्ये, दोन वर्षं उशिरा, ११५.९ अब्ज. त्यात जुळवून घेण्याच्या कामाला ३२.४ अब्ज, आणि सरकारी पैशातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग कर्ज. रिओला "मदत" असा शब्द होता.

२०२४ मध्ये अझरबैजानच्या बाकूला नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. विकसनशील देश १.३ लाख कोटी डॉलर मागत होते. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथेच उठून हा मसुदा म्हणजे दृष्टिभ्रम आहे असं सुनावलं, पण हातोडा आधीच पडला होता.

पोकराचा दुसरा टप्पा निघाला, २१ जिल्हे, सहा हजार कोटींच्या घरात. मराठवाड्याचे ८, विदर्भाचे सगळे ११, वर नाशिक आणि जळगाव, म्हणजे आमचं अमळनेर, पारोळा वगैरे, धुळे पुन्हा नाहीच. मामाला फोनवर हे मोजून दाखवलं, त्याने बोटं मोजली आणि म्हणाला मग तुन्या मामीना माहेरले तरी मियी, ती पारोळ्यानी से.