गाऊझेच्या परीक्षानळीपासून उंदराच्या आतड्यापर्यंत

आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती पुढे कशी बदलेल, हे सांगू पाहणारी बरीचशी गणिती मॉडेल्स आजही लोटका-व्होल्टेरा समीकरणांवर, म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या जातींची संख्या कशी बदलते हे मांडणाऱ्या समीकरणांवर, उभी आहेत. ही समीकरणे मुळात मासळीच्या बाजारातून आली. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली, तेव्हा पकडलेल्या मासळीत शिकारी माशांचे प्रमाण वाढल्याचे जीवशास्त्रज्ञ उंबेर्तो द'आंकोना यांना दिसले. त्यांचे सासरे, गणितज्ञ व्हितो व्होल्टेरा यांनी १९२६ मध्ये त्याचा उलगडा समीकरणांत मांडला. आल्फ्रेड लोटका अमेरिकेत स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते.

या गणिताला सूक्ष्मजीवांच्या जगात आणले ते मॉस्कोतल्या गिओर्गी गाऊझे या विशीतल्या तरुणाने. छोट्याशा नळीत पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकत्र वाढवायच्या, रोज थोडासा नमुना काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जीव मोजायचे. ऑरेलिया आणि कॉडेटम एकत्र ठेवले, की कॉडेटम हळूहळू संपून जाई. पण कॉडेटमसोबत बर्सेरिया ठेवला, तर दोघेही टिकत, कारण एक वरच्या द्रवात चरे आणि दुसरा तळाशी. १९३४ मध्ये त्यांनी यातले बरेचसे काम पुस्तकरूपाने मांडले. मला या कामातले सर्वांत मोलाचे वाटते ते रोजचे मोजणे. समीकरण खरे की खोटे, हे ठरले त्या आकड्यांवर.

आतड्यात मात्र शेकडो जाती, आणि त्यांतल्या कितीतरी प्रयोगशाळेत सहजासहजी वाढत नाहीत. जनुकीय अनुक्रम वाचण्याचे तंत्र स्वस्त झाल्यावर त्यांची नोंद घेता आली खरी, पण हाती येते ते फक्त प्रमाण. एका जातीचा टक्का वाढला, तर ती खरोखर वाढली की बाकीच्या घटल्या, हे त्यावरून कळत नाही. म्हणून २०१३ मध्ये श्टाइन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या आतड्याचे मॉडेल बांधताना जिवाणूंची एकूण घनताही हिशेबात धरली.

२०१५ मध्ये याच धाटणीच्या विश्लेषणातून क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स हा जिवाणू पुढे आला. सी. डिफिसिल या जिवाणूच्या त्रासदायक संसर्गाला तो उंदरांमध्ये आवर घालतो, हे प्रयोगातही दिसले. पित्तातल्या आम्लांचे तो असे रूपांतर करतो, की सी. डिफिसिलची वाढ रोखली जाते. हे 'कसे' समीकरणातून निघाले नव्हते, त्यासाठी प्रयोगच लागले. त्यामुळे कोण काय खातो आणि काय बाहेर टाकतो, हे धरणारी मॉडेल्स आता पुढे येत आहेत. त्यांचे एक मूळ फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाक मोनो यांच्या १९४०च्या दशकातल्या जिवाणू-वाढीच्या अभ्यासात आहे.