ईस्ट बंगाल: मालक बदलले, प्रशिक्षक बदलले, भांडण तेच

कोलकात्याच्या ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांना २०२० पासून पावसाळा लागला की दोन प्रश्न पडू लागले: यंदा पैसा कोण घालणार आणि प्रशिक्षक कोण येणार? पहिल्याचं उत्तर लांबलं की दुसऱ्याचं आपोआप लांबतं, हे त्यांना अनुभवाने पाठ झालं. तरी हरल्यावर शिव्याशाप प्रशिक्षकाच्याच वाट्याला येतात, कारण तो डोळ्यांसमोर टचलाइनवर उभा असतो. करारावर सही करणारे किंवा न करणारे तिथे नसतात.

क्लब १९२० चा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी लाल-सोनेरी रंग आपले मानले. पुढे ‘पंचपांडव’ म्हणवल्या गेलेल्या पाच खेळाडूंची आक्रमक फळी, १९७५ च्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या फायनलमध्ये शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागानवर ५-० असा विजय, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. इथे महत्त्वाची आहे ती एक कोरडी बाब. हा सभासदांचा क्लब, त्याचा तंबू, म्हणजे कार्यालय, कोलकात्याच्या मैदानावर आणि ती जमीन लष्कराच्या ताब्यातली. म्हणजे विकायला जमीनजुमला नाही. बाजारात किंमत आहे ती नाव, रंग आणि स्पर्धेत खेळण्याचा हक्क या तीनच गोष्टींना. पुढचे सगळे तंटे या हक्काभोवती झाले.

१९९८ मध्ये एका मद्य उद्योगसमूहाशी भागीदारी झाली आणि क्लबच्या नावाआधी बिअरचा ब्रँड लागला. पैसा बाहेरचा, कारभार तंबूतल्या जुन्या पदाधिकाऱ्यांचा, अशी ती व्यवस्था. त्याच काळात तीन वेळा राष्ट्रीय लीग जिंकली आणि २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धाही मारली. त्यामुळे मालकाने पैसे द्यावेत आणि बाजूला बसावं, हीच पदाधिकाऱ्यांची आदर्श मालकाची कल्पना झाली असावी.

२०१८ मध्ये आलेली बेंगळुरूची मनुष्यबळ पुरवणारी कंपनी बाजूला बसणाऱ्यांतली नव्हती. तिच्याकडे ७० टक्के हिस्सा होता. तिने स्पॅनिश प्रशिक्षक आणला आणि २०१८-१९ ची आय-लीग ही राष्ट्रीय लीग अवघ्या एका गुणाने हुकली. चेन्नई सिटीचे ४३, ईस्ट बंगालचे ४२. चाहत्यांना हे मॉडेल चालणारं वाटलं. तंबूतल्यांना वाटलं नाही. मे २०२० अखेर कंपनी बाहेर पडली आणि शताब्दी वर्ष संपता संपता क्लब पुन्हा मालक शोधत होता. तिकडे शेजाऱ्यांनी, म्हणजे मोहन बागानने, ८० टक्के हिस्सा देऊन आयएसएलचं, म्हणजे इंडियन सुपर लीगचं, दार उघडून घेतलं होतं. त्या व्यवहारात त्यांच्या नावाआधी दुसरं नाव चिकटलं, ते काढायला त्यांच्या चाहत्यांना २०२३ पर्यंत झगडावं लागलं, पण ती वेगळी कथा.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्याच्या सचिवालयात मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत नवा गुंतवणूकदार जाहीर झाला: एक सिमेंट कंपनी, हिस्सा ७६ टक्के. महिनाअखेरीस आयएसएलमध्ये प्रवेश मिळाला आणि ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलचा एकेकाळचा स्ट्रायकर प्रशिक्षक म्हणून आला. २७ नोव्हेंबरला वास्कोच्या टिळक मैदानावर, रिकाम्या स्टँडसमोर, पहिलाच सामना डर्बीचा, म्हणजे मोहन बागानशी. निकाल ०-२. कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यातच झाला आणि संघ अकरांत नववा आला. आपल्या काही खेळाडूंना यापूर्वी कुणी शिकवलेलंच दिसत नाही, अशा अर्थाचं प्रशिक्षक बोलून गेले आणि चाहते भडकले. तो राग रास्त होता. पण पहिल्या सामन्याला दोन महिने उरले असताना लीगमध्ये शिरलेल्या संघाची बांधणी कशी होणार होती, हे कुणी फारसं विचारलं नाही.

खरा गुंता २०२१ चा. २०२० मध्ये सही झाली ती टर्म शीटवर, म्हणजे प्राथमिक मसुद्यावर. अंतिम करार नंतर होणार होता. खेळण्याचे हक्क मात्र तेवढ्यावरच नव्या कंपनीकडे गेले आणि संघ ‘एससी ईस्ट बंगाल’ या नावाने उतरला. अंतिम कराराचा कागद आल्यावर पदाधिकारी म्हणाले, हा टर्म शीटशी जुळत नाही. यात सभासदांचे अधिकार जातात, बाहेर पडायची वाट नीट राहत नाही. कंपनी म्हणाली, दोन्हींत काही फरक नाही, सही करा. कार्यकारिणीने सही करायची नाही असं ठरवलं. आता सही क्लबच्या हातात आणि खेळण्याचा हक्क कंपनीच्या. दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावाचून संघ उतरवता येत नव्हता. जुन्या मालकाच्या काळातली खेळाडूंची थकबाकीही त्यातच डोकं वर काढत होती.

२१ जुलै २०२१ ला चाहते तंबूबाहेर जमले. एका गटाची मागणी सही करा, दुसरा गट पदाधिकाऱ्यांच्या बाजूचा. बाचाबाची, धक्काबुक्की, मग पोलिसांच्या लाठ्या. स्वतःच्याच क्लबच्या दारात, लाल-सोनेरी जर्सी अंगात असताना मार खाल्लेले लोक ती तारीख विसरलेले नाहीत.

पदाधिकाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. शंभर वर्षांच्या संस्थेने चार पानं जास्त वाचली तर बिघडत नाही. पण मग ती हक्क देण्याआधी वाचायची. आधी आयएसएलची घाई म्हणून हक्क देऊन टाकायचे आणि एक हंगाम त्यांच्या पैशावर खेळून झाला की कलमं चाळायची, याला वरातीमागून घोडं म्हणतात. कंपनीनेही हक्क दाबून धरत वेळ काढला, हे खरं. तरी माझ्या मते जास्त दोष तंबूचा.

२५ ऑगस्टला पुन्हा सचिवालयात बैठक झाली आणि कंपनी त्या हंगामापुरतं खेळायला तयार झाली. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घेण्याची मुदत, बंद व्हायला सहा दिवस होते. देशातले बरे खेळाडू केव्हाच दुसरीकडे गेलेले. सप्टेंबरमध्ये जुन्या प्रशिक्षकाच्या जागी नवा स्पॅनिश प्रशिक्षक नेमला गेला आणि उरल्यासुरल्या संघासह आठ सामने, एकही विजय नाही, म्हणून डिसेंबरअखेर गेला. पहिला विजय थेट जानेवारीत मिळाला, एफसी गोवाविरुद्ध २-१, तोवर तिसरा माणूस त्या खुर्चीत बसला होता. संघ शेवटचा आला. एप्रिल २०२२ मध्ये सिमेंट कंपनीने हक्क परत केले. अंतिम करारावर सही शेवटपर्यंत झालीच नाही.

२ ऑगस्ट २०२२ ला कोलकात्याच्याच एका उद्योगसमूहाशी करार झाला आणि राष्ट्रीय संघाचे माजी ब्रिटिश प्रशिक्षक आले. पुन्हा ऑगस्ट, पुन्हा घाईची खरेदी, पुन्हा नववं स्थान. २०२३ मध्ये मात्र मालक तेच राहिले, प्रशिक्षक वेळेवर ठरला, आणि फरक दिसला. ऑगस्टमध्ये आठ पराभवांनंतर डर्बी जिंकली, साडेचार वर्षांनी. जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला ओडिशाला त्यांच्याच घरी ३-२ हरवून सुपर कप आणला, बारा वर्षांतला पहिला राष्ट्रीय चषक. लीगमध्ये तेव्हाही नववेच, पण त्या वर्षी कुणी फार कुरकुर केली नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये तोच प्रशिक्षक लीगचे पहिले तिन्ही सामने हरला. तिसरा कोलकात्यातच, सॉल्ट लेक स्टेडियमवर, एफसी गोवाविरुद्ध २-३. गोव्याचे तिन्ही गोल ईस्ट बंगालच्याच एका माजी मिडफिल्डरने केले. तीन दिवसांत राजीनामा आला. या वेळी करार वादात नव्हता, मालक बदललेला नव्हता, त्यामुळे चाहत्यांचा मोर्चा खेळाडू-निवडीकडे वळला: चांगला मिडफिल्डर कुणी सोडला, नवे कुणाच्या पसंतीचे, प्रशिक्षकाच्या की मालकाच्या? ऑक्टोबरमध्ये आलेल्या पुढच्या स्पॅनिश प्रशिक्षकाला हा वाद आयताच मिळाला, आणि २०२४-२५ च्या तक्त्यात संघ पुन्हा नववा.