नान्नजचं माळढोक अभयारण्य एवढं मोठं का होतं आणि मग छोटं का झालं

माळढोक म्हणजे उघड्या गवताळ माळावर राहणारा मोठा पक्षी, आणि त्याचा विषय निघाला की सोलापुरात अजूनही दोन तट पडतात, आणि त्याचं मूळ 1979 मध्ये आहे. त्याच्या आधी दुष्काळी भागाच्या योजनेतून सोलापूरजवळच्या नान्नज, मार्डी, कारंबा या पट्ट्यात माळाचे तुकडे राखले होते, चराई थांबली, गवत वाढलं, आणि पावसाळ्यात माळढोक तिथं दिसायला लागले. मग अभयारण्य जाहीर झालं, पण केवढं? तब्बल 8496 चौरस किलोमीटर! उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तिकडं नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा, म्हणजे गावं, रस्ते, उसाचे फड सगळंच त्यात आलं. पक्षी मोसमानुसार लांब लांब फिरतो म्हणून हद्द मोठी घेतली, हे एकवेळ समजू शकतं. पण यातली बहुतेक जमीन खासगी होती, आणि पुढं खरेदी-विक्रीवर बंधनं आली तेव्हा लोकांचा राग सरळ पक्ष्यावर निघाला. ज्या शेतकऱ्याच्या रानात तो चरायचा त्यालाच तो नकोसा झाला, माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच.

प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, समिती बसली आणि 2012 च्या सुमारास हद्द 1222 चौरस किलोमीटरवर आली. बातम्या सगळ्या 'जमिनी मोकळ्या झाल्या' अशाच, माळ किती उरला हे कोण विचारतंय.

कारण तोवर उजनी धरणाचं पाणी आलेलं, ऊस आणि द्राक्षबागा वाढलेल्या, माळ नांगरले गेले. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक, म्हणून राखीव तुकड्यांतही गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावली. आता माळढोकची मादी घरटं बांधतच नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, लांडगा-कुत्रं लांबून दिसावं म्हणून तिला मोकळं रानच लागतं, तिथं झाडी वाढवून काय साधलं?

त्यात विजेच्या तारा. माळढोकला समोरचं नीट दिसत नाही आणि अंगानं जड, त्यामुळं ऐनवेळी वळता येत नाही आणि तो तारांवर आदळतो. राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखाली घ्या असा 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, 2024 मध्ये तो बदललाही. देशात मिळून दीडशेच्या आसपास पक्षी उरलेत. आपल्याकडं एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. काळवीट, लांडगे आणि धाविक, चंडोल हे पक्षी मात्र नान्नजच्या माळावर अजून आहेत, आणि त्यांनाही तेच उघडं गवत लागतं.