मानवी तस्करीची बातमी छाप्यापाशीच का थांबते

गुप्त माहिती, बनावट गिऱ्हाईक, छापा, इतक्या मुलींची सुटका, इतके दलाल अटकेत. मानवी तस्करीची बातमी म्हटली की आपल्या दैनिकांत बहुतेकदा एवढंच असतं. मजकूर पोलिसांच्या प्रेसनोटचा असतो, पण त्याचा साचा बराच जुना, लंडनचा आहे.

जुलै १८८५ मध्ये ‘पॅल मॅल गॅझेट’चे संपादक विल्यम स्टेड यांनी अल्पवयीन मुलींच्या विक्रीवर मालिका छापली. पाच पौंडांत तेरा वर्षांची मुलगी मिळते, हे दाखवायला त्यांनी तसा सौदा स्वतःच घडवून आणला. ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये संमतीवय १३ वरून १६ झालं. वडिलांची परवानगी न घेता मुलीला नेलं म्हणून स्टेड मात्र तीन महिने तुरुंगात गेले. निष्पाप मुलगी, नराधम गिऱ्हाईक आणि धाडसी संपादक ही पात्रं तेव्हापासून पक्की झाली. मुलीच्या घरचं कर्ज आणि गावातली बेकारी या गोष्टींना त्या नाटकात जागा नव्हती.

पुढे ‘गोऱ्या गुलामां’ची, म्हणजे वेश्याव्यवसायासाठी नेल्या जाणाऱ्या गोऱ्या स्त्रियांची, हाकाटी झाली. १९०४ आणि १९१० चे आंतरराष्ट्रीय करार त्याच नावाने झाले. १९२१ मध्ये ‘गोऱ्या’ गेलं, तरी विषय वेश्याव्यवसायाचाच राहिला. आपला १९५६ चा कायदा, म्हणजे आजचा ‘पिटा’ (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा), याच परंपरेतला. वास्तविक संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी यांना एकत्रच मनाई केली होती. वृत्तपत्रांनी मात्र वेठबिगारी वेगळ्या पानावर टाकली.

बातमीत ताकद नाही असं नाही. कोवळ्या मुलींना डांबून ठेवल्याच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांतून चारशेहून अधिक मुली-स्त्रियांना बाहेर काढलं गेलं. त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. इतक्या जणींना ठेवायचं कुठे, हा प्रश्न नंतर उभा राहिला.

सुटकेनंतरचा हा भाग बातमीत जवळपास येतच नाही. ‘पिटा’च्या कलम १७ नुसार चौकशीपुरता ताबा तीन आठवड्यांपर्यंत असू शकतो. त्यानंतर दंडाधिकारी एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन सज्ञान स्त्रियांना सोडायला सांगितलं. वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही, असंही म्हटलं. मथळ्यातली ‘सुटका’ अशी कुलुपाआड संपू शकते.

संयुक्त राष्ट्रांच्या २००० च्या पालेर्मो प्रोटोकॉलने (तस्करीविरोधी करार) तस्करीचे तीन भाग सांगितले: कृती (भरती, वाहतूक, आश्रय), मार्ग (जबरदस्ती, फसवणूक, असहायतेचा गैरफायदा) आणि शोषणाचा हेतू. मुलांच्या बाबतीत मार्ग सिद्ध करावा लागत नाही. भारतात ही तीन भागांची व्याख्या २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेच्या (भादंवि) कलम ३७० मध्ये आली. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १४३. त्यात ‘सक्तीची मजुरी’ हे शब्द नाहीत. ती ‘शारीरिक शोषण’ किंवा ‘गुलामीसदृश प्रथा’ यांत बसवावी लागते, आणि ठाण्यावर तेवढा खटाटोप कोण करतो? बातमीदाराने एफआयआरमधली कलमं वाचावीत. नुसता ‘पिटा’ असेल आणि १४३ नसेल, तर मथळ्यात ‘तस्करी’ लिहिण्याआधी थांबावं.

उलटही घडतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं किरकोळ पैसे आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे दिल्याचं उघड झालं. भरती, अल्पवय, शोषण, सगळं होतं. गाजलं ते वेठबिगारी म्हणून. उचल देऊन वीटभट्टीवर अडकवलेलं कुटुंब तर ‘मजुरांचा प्रश्न’ होऊन आतल्या पानावर जातं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात सक्तीच्या श्रमात २.७६ कोटी माणसं आहेत. त्यांतली ६३ लाख देहव्यापारात आणि १.७३ कोटी खासगी क्षेत्रातल्या इतर कामांत. छापील बातम्यांत हे प्रमाण नेमकं उलटं दिसतं.

फोटोचा घोळ वेगळाच. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, छाप्यात सापडलेल्या स्त्रियांची ओळख उघड होऊ नये यासाठी प्रेस कौन्सिलला मार्गदर्शक सूचना काढायला सांगितलं. पण चेहरा धूसर करून खाली लॉजचं नाव, वय आणि मूळ तालुका छापला, की गावात कोणाला विचारावं लागत नाही.