फारकत

फारकत : पंचांसमोर किंवा लेखी कागद करून विवाहसंबंध तोडण्याची रूढी. काडीमोड व सोडचिठ्ठी ही नावेही प्रचलित. विदर्भातील अनेक शेतकरी व कारागीर जातींत ती पूर्वापार असून फारकतीनंतर स्त्रीला पाट (पुनर्विवाह) लावता येई.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ती कौटिल्याने परस्परद्वेषामुळे मान्य केलेल्या ‘मोक्षा’शी (विवाहबंधनातून सुटकेशी), तर काही नारद-पराशर स्मृतींतील, पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करू देणाऱ्या श्लोकाशी जोडतात. परंतु कौटिल्य धर्मविवाहांना मोक्ष नाकारतो आणि श्लोकातील आपत्ती पती बेपत्ता, मृत, संन्यस्त, क्लीब (नपुंसक) वा पतित असण्यापुरत्याच आहेत. नुसत्या न पटण्याला त्यांत जागा नाही. त्यामुळे ही जातपंचायतींनी स्वतंत्रपणे जपलेली रूढी मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, तेव्हा विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. म्हणून तो येथे लागू झाला नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ येईपर्यंत येथील बहुतेकांना रूढी हाच मार्ग होता. या अधिनियमाच्या कलम २९(२) ने रूढीप्राप्त घटस्फोट अबाधित ठेवला. मात्र रूढी दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळलेली असावी लागते. ती आपल्या जातीत आहे हे पक्षकारानेच कथनात मांडून पुराव्याने सिद्ध करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले.

हल्लीचा फारकतनामा स्टॅम्प पेपरवर होतो. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता’ अशी सुरुवात, दिल्याघेतल्या भांड्यांची व दागिन्यांची यादी, ‘यापुढे एकमेकांवर हक्क राहिला नाही’ हे वाक्य, खाली पंचांच्या सह्या-अंगठे आणि नोटरीचा शिक्का. त्या शिक्क्याने कागद केल्याचा पुरावा मिळतो, घटस्फोट मिळत नाही. रूढी सिद्ध न झाल्यास पहिला विवाह कायम राहतो व दुसरा शून्य, म्हणजे कायद्याने मुळातच अवैध ठरतो. याची सर्वांत मोठी झळ पाट लावलेल्या स्त्रीला बसते. शून्य विवाहातील स्त्री फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पोटगीविषयक कलम १२५ खाली ‘पत्नी’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवले. पहिले लग्न लपवून फसवलेल्या स्त्रीला २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने दिलासा दिला. कलम १२५ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे.

वकिलाविना पेशीला उभे राहणाऱ्याने पुढील भेद जाणणे फार गरजेचे आहे. अर्ज करणारा अर्जदार, समोरचा गैरअर्जदार. १९५५ च्या अधिनियमातील कलम ९ चा नांदण्याचा दावा घटस्फोटाचा नसतो. न्यायिक विभक्ततेच्या हुकुमाने वेगळे राहता येते, लग्न मात्र टिकते. खावटी (पोटगी) दाव्यादरम्यानची (कलम २४) व कायमची (कलम २५) अशी दोन प्रकारची. पहिली वेगळा अर्ज करून मागावी लागते. समन्स घेऊनही गैरहजर राहिल्यास निकाल एकतर्फी होऊ शकतो. हुकूमनाम्यावर अपिलाची मुदत ९० दिवस. त्या मुदतीत पुनर्विवाह करू नये. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा.

बौद्धांना १९५५ चा अधिनियम लागू आहे. गोंड, कोरकू आदी अनुसूचित जमातींना तो लागू नसल्याने त्यांच्यात जमातीची रूढीच प्रमाण धरतात.