फॅटची वाट वेगळी, एसएनएफची वेगळी

वाळवा, पलूस, तासगाव भागातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी तेच दृश्य असतं. किटली पुढे करायची, नमुना मशीनमध्ये जातो, पावती हातात पडते: म्हैस, फॅट ६.८, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ९.१. दर ठरतो तो याच दोन आकड्यांवर. कासेतल्या पेशीत हे दोन आकडे दोन निराळ्या वाटांनी बाहेर पडतात, आणि दोन्ही वाटा सुरू होतात एकाच ठिकाणी, आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पातळ पडद्यांच्या (पटलांच्या) जाळ्यात. शाळेच्या पुस्तकात ही जालिका केंद्रकाभोवतीच्या चार वाकड्या रेघांत उरकलेली असते. मला तो तिच्यावर अन्याय वाटतो.

कासेत असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात आणि प्रत्येकीला आतून पेशींचा एकच थर असतो. पेशी रक्तातून कच्चा माल घेते आणि तयार दूध पोकळीत सोडते. म्हैस पान्हवली की पोकळीभोवतीच्या पेशी आवळतात आणि दूध सडाकडं उतरतं.

आधी एसएनएफ बघू. त्यातलं मुख्य प्रथिन केसीन. रायबोझोमवर, म्हणजे प्रथिनं विणणाऱ्या पेशीतल्या यंत्रावर, त्याची साखळी विणायला लागली की सुरुवातीचा छोटासा तुकडाच सांगतो की हा माल बाहेर जाणारा आहे. तो तुकडा दिसताच एक कण त्याला धरतो, रायबोझोमला जालिकेच्या पटलावरच्या छिद्राशी नेऊन लावतो आणि उरलेली साखळी विणता विणता थेट आत सरकते. काम झालं की तो तुकडा कापून टाकला जातो. प्रथिनांच्या अंगातच त्यांचा पत्ता असतो हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

आत आल्यावर प्रथिनाची घडी बसते. ती चुकली तर प्रथिनाला अडवून ठेवतात, आणि सुधारलीच नाही तर मागं ओढून नष्ट करतात. बाहेर पडायलाही ठरावीक जागा आहेत. तिथं सार१ नावाचं छोटं प्रथिन पटलात रुततं आणि सेक२३-सेक२४ या जोडीला बोलावतं. निवडीचं खरं काम सेक२४ करतं: जायचा माल, किंवा तो माल धरून ठेवणारा वाहक, ओळखून पकडतं. मग सेक१३ आणि सेक३१ वरून जाळी विणतात, पटल फुगतं आणि मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान पिटिका, म्हणजे इवलीशी पिशवी, सुटून गॉल्जीकडं, म्हणजे पेशीतल्या पुढच्या टप्प्याकडं, निघते.

ही नावं आली यीस्टमधून. रँडी शेकमन आणि पीटर नोव्हिक यांनी यीस्टचे असे प्रकार शोधले, जे २५ अंशांना नीट वाढतात, पण ३७ अंशांना त्यांची प्रथिनं आतच तुंबतात. तुंबलेल्या पेशी जड होतात, म्हणून त्या वेगळ्या काढता आल्या. त्यातून २३ जनुकं हाती लागली. २०१३ च्या नोबेलमध्ये शेकमन यांचा वाटा या कामाचा आहे. पावाच्या पिठातलं यीस्ट असो की म्हशीची कास, यंत्रणा मुळात तीच, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

या गडबडीत जालिकेची स्वतःची प्रथिनंही कधी कधी पिटिकेबरोबर निघून जातात. त्यांच्या शेपटाला चार अमिनो आम्लांची खूण असते. ती ओळखून त्यांना दुसऱ्या प्रकारच्या पिटिकांतून परत पाठवतात, जसे डेअरीत दूध ओतून रिकामे कॅन पुन्हा गावाकडं येतात.

केसीनचे प्रकार अनेक; त्यातला एक कमी पडला तर काय होतं, हे शेळ्यांत दिसलं. काही शेळ्यांत अल्फा-एस१ केसीन जवळजवळ नसतंच. त्यांच्या कासेतल्या पेशींत बाकीची केसीनं जालिकेतच अडकतात आणि जालिका फुगते. म्हणजे एक केसीन दुसऱ्यांना बाहेर पडायला मदत करतं.

दुधातलं दुसरं प्रथिन अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन. ते जालिकेतून गॉल्जीत पोहोचलं की तिथल्या एका विकराशी जोडी करतं आणि त्यातून लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बनतं. लॅक्टोज पटलातून बाहेर झिरपू शकत नाही, मग तेच पाणी आत ओढतं. दुधाचा पातळपणा आणि बहुतांश माप येतं ते इथून. उंदरांत हे प्रथिन बंद केलं तेव्हा दूध इतकं घट्ट झालं की पिल्लांना ते ओढताच आलं नाही.

फॅट या रांगेत उभाच राहत नाही. तो बनतो जालिकेच्या पटलातच, दोन थरांच्या मध्ये. तिथून थेंब पेशीद्रवात उतरतात, पेशीच्या कडेला जातात आणि बाहेरच्या पटलाचंच पांघरूण घेऊन पोकळीत पडतात. गॉल्जीचा संबंध येत नाही.

म्हणून हे दोन आकडे एकत्रच हलायला हवेत असं नाही. गाईला वैरण कमी आणि भरडा जास्त झाला की पोटातल्या आंबण्यात काही वेगळी मेदाम्लं तयार होतात, आणि ती कासेतलं फॅट बनणंच मंदावतात. केसीनच्या वाटेला त्यांचा तेवढा त्रास नाही. पावतीवर फॅट घसरलेला आणि एसएनएफ जागेवर दिसला, तर आधी दावणीत कडबा, वाडं किती पडतंय ते बघावं.